भाजली, करपली, कच्ची

मुरबाड तालुक्यात जेवढी म्हणून इंजिनं आहेत, त्यांतल्या कुठल्याच्या पोटात काय दुखतंय हे आमच्या साडूंना ठाऊक नाही असं सहसा होत नाही. आणि आपण अंगात घातलेला शर्ट कुठल्या रंगाचा आहे हे त्यांना ठाऊक आहे, असंही सहसा होत नाही. पहिली गोष्ट ते सांगत नाहीत, कारण तिच्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही. दुसरी सांगत नाहीत, कारण ती कुणालाच माहीत नाही अशी त्यांची समजूत आहे. ती सगळ्या मुरबाडला माहीत आहे. बाजारातला केळीवाला त्यांना न विचारता पिकलेला फणा काढून देतो आणि साडू त्यातलं एकेक केळं दाबून, मान तिरकी करून, "बरी दिसतात" असं म्हणतात. केळीवालाही "तुमच्यासारखी नजर नाय कोणाची" म्हणतो. हे सगळं दोघंही अतिशय गंभीरपणे करतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. मी शहापूरला एका शाळेत कारकून होतो. आता निवृत्त आहे आणि मुरबाडला आक्काच्या हातचं जेवायला वरचेवर जातो. यंत्रातलं मला सायकलच्या घंटीपलीकडे काही कळत नाही. त्यामुळेच असेल, आमचं छान जमतं. ते ओट्यावर बसून सुपारी कातरत असतात आणि खालून रस्त्याने मोटारसायकल गेली की मान वर न करता बोलतात, "किन्हवलीचा मास्तर चाललाय. टायमिंग पुढं गेलाय त्याचा, पण सांगून आयकत नाय." माणसांनाही ते हाच न्याय लावतात. मला सर्दी झाली होती तेव्हा तब्येतीची चौकशी त्यांनी "साडूबुवा, चोक बंद करायला इसरलात काय?" अशी केली होती. दुपारच्या माझ्या घोरण्यात एक सिलिंडर मिस मारतो, असंही त्यांचं मत आहे. त्यावर काही इलाज आहे का, असं माझ्या बायकोने फार आशेने विचारलं होतं.

त्यांच्या अंगणातल्या गॅरेजात मोजमापाची हत्यारं जवळजवळ नाहीत. इंजिनाच्या आत कान द्यायला ते आक्काची ताक घुसळायची रवी वापरतात. तिचं फूल इंजिनावर टेकवायचं आणि दांडा कानात. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट असतात, त्यांच्यामधली फट ते लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने मोजतात. घरात पत्रिका आली की आधी ती चिमटीत धरून जाडी बघायची आणि वधूवरांची नावं मग वाचायची, असा क्रम आहे. माझ्या मुलीची पत्रिका घेऊन मी मोठ्या हौसेने गेलो, तर ती दोन बोटांत चोळून ते म्हणाले, "कागद जरा पातळ काढलात साडूबुवा. पण ट्रॅक्टरला चालंल." किन्हवलीला एका भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवाबाहेरचा जनरेटर वरखाली होऊ लागला. दिवे मोठे व्हायचे, बारीक व्हायचे. साडूंची चुळबुळ मला शेजारी बसून कळत होती. तिसऱ्या कडव्याला ते मुठीतल्या अक्षतांसकट उठून गेले. शेवटच्या 'सावधान'ला दिवे असे काही स्थिर झाले की भटजीसुद्धा वर बघायला लागले. साडू परत आले, मूठ उघडून अक्षता टाकल्या, आणि नवरीच्या शालूवर काळे ठिपके पडले. "बाकीच्यांनी अक्षता टाकल्या," आक्का म्हणाली, "आमच्यांनी आइल टाकला."

तरुणपणी त्यांना रेल्वेत जायचं होतं. कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी गाडीच्या मागे आणखी इंजिनं लागतात आणि तिला वर ढकलत नेतात. ते ढकलणारं इंजिन आपण चालवावं एवढीच त्यांची इच्छा. सगळ्या परीक्षा झाल्या आणि शेवटी साहेबाने त्यांच्यापुढे रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक ठेवलं. त्या ठिपक्यांत बाकीच्यांना आकडा दिसत होता. साडूंना ठिपकेच दिसले. घरी येऊन त्यांनी उंची कमी भरली म्हणून सांगितलं. साडूंची उंची अशी आहे की आमच्या शहापूरच्या घरात शिरताना ते आजही वाकतात. पण घरच्यांनी ते मान्य केलं, गावानेही मान्य केलं, आणि तेव्हापासून रेल्वेला फार उंच माणसं लागतात असा या भागात समज आहे.

आक्काला खरी गोष्ट लग्नानंतर आठ दिवसांत कळली. तिच्या हातातला हिरवा चुडा बघून साडू लाजत लाजत म्हणाले होते, "चॉकलेटी बांगड्या शोभतात तुला." थट्टा असेल म्हणून तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर ती थट्टा नव्हती. तिने हे आपल्या धाकट्या बहिणीला सांगितलं, बहिणीने म्हणजे माझ्या बायकोने पुढे मला सांगितलं, आणि साडूंना मात्र त्या दोघींनी कधीच काही सांगितलं नाही.

आता हा दोष असलेल्या माणसाने कारकून व्हावं, मास्तर व्हावं, पण कार्बोरेटरच्या नादी लागू नये. कारण इंजिनात ठिणगी पाडणारा जो बोटभर प्लग असतो, त्याच्या टोकाला एक पांढरं चिनीमातीचं बोंड असतं आणि सगळा निकाल त्या बोंडाच्या रंगावर लागतो. पेट्रोल जास्त झालं की ते काजळतं, कमी पडलं की पांढरंफटक राहतं, आणि हवा-पेट्रोलचं बरोबर जमलं की बदामी होतं, भाकरीवर खरपूस डाग पडतो तसं. काळं-पांढरं साडूंनाही ओळखता येतं. पण बदामीच्या आसपासचे बारीक फरक, म्हणजे ज्यात सगळी कारागिरी आहे तेच, त्यांना दिसत नाहीत. यावर त्यांनी काढलेला तोडगा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हा माणूस बायकोच्या फारच ओंजळीने पाणी पितो. ते गरम प्लग सांडशीत धरून सरळ चुलीपाशी जायचे आणि "अगो, बघ जरा, सहज," असं म्हणायचे. आक्का भाकरी थापता थापता एक नजर टाकायची आणि म्हणायची, "करपली." किंवा, "कच्ची हाय." किंवा, "भाजली." बस. साडू अंगणात जाऊन कार्बोरेटरखालचा नट तेवढा फिरवायचे. चाळीस वर्षं मुरबाडच्या जीपा, टेंपो आणि रिक्षा या तीन शब्दांवर चालल्या.

प्लगचा रंग खरा बघायचा तर इंजिनाला पुरता भार देऊन, चढावर, एकदम चावी बंद करून बघायचा असतो. म्हणून साडूंनी घरच चढाच्या माथ्यावर बांधलं. खालून पूर्ण जोरात यायचं, वळणावर चावी बंद करायची आणि मुक्याने घरंगळत अंगणात शिरायचं, की समोर चूल. जागा निवडताना त्यांनी विहीर कुठे आहे ते पाहिलं नव्हतं. ती खाली होती. नळ येईपर्यंत आक्काने तो चढ डोक्यावर हंडे घेऊन चढला. "माजा पण इंजिन रोज टेस्ट व्हायचा," असं ती सांगते.

दोन वर्षांपूर्वी शहापूरकडच्या फार्महाऊसवाल्या एका शेठनी आपल्या आजोबांची विलायती गाडी ट्रकवर घालून या अंगणात आणली. मुंबईच्या कारागिरांनी तिला हात जोडले होते. साडूंनी बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. मग म्हणाले, "इंजिनाला भाता लावलाय." शेठ त्याला सुपरचार्जर म्हणत होते, पण भाता हाच शब्द बरोबर आहे. साधं इंजिन झेपेल तेवढी हवा आपली आपण ओढतं. या इंजिनाला पट्ट्यावर फिरणारा एक पंखा जोराने हवा कोंबत होता, लोहाराचा भाता कोळशात कोंबतो तशी. हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त द्यावं लागतं, आणि आग आधीच भडकलेली म्हणून ठिणगी जरा उशिरा पाडावी लागते. दोन्हीतलं एक जरी चुकलं तरी नुसती ताकद कमी होते असं नाही. पिस्टन वितळून त्याला भोक पडतं. हे पिस्टन जगात आता कुठे बनत नाहीत.

त्याच दिवशी मला फोन आला. "साडूबुवा, या बघायला. चॉकलेटी हाय. असला माल जिंदगीत परत नाय यायचा." मी गेलो. गाडी गर्द हिरवी होती. मी म्हणालो, "वा! काय चॉकलेटी आहे हो!" चहावाला चॉकलेटी म्हणाला, स्पेअरपार्टवाला चॉकलेटी म्हणाला, आणि महिन्याभरात ती अख्ख्या बाजाराची चॉकलेटी गाडी झाली. शेठ पुढच्या खेपेला आले तेव्हा जो तो त्यांना 'चॉकलेटी गाडीवाले शेठ' म्हणायला लागला. त्यांनी घाबरून अंगणात धाव घेतली आणि गाडीला एक प्रदक्षिणा घातली. नंतर तेही शिकले.

गेल्या हिवाळ्यात, जवळच्या म्हसा गावची जत्रा तोंडावर असताना मी असाच जेवायला गेलो. गाडी तोवर चालती झाली होती. जत्रा उलटली की जुन्या गाड्यांची मंडळी माळशेज घाट चढणार होती आणि शेठना आपली गाडी त्यांत हवी होती. साडूंनी मला शेजारी बसवलं आणि खालून चढ घेतला. भाता शीळ घालायला लागला, पाठ सीटला चिकटली, आणि त्या शिळेच्या मागे मला बारीक तडतड ऐकू आली, तव्यावर वाटाणे टाकल्यासारखी. साडूंचा चेहरा आक्रसला. चावी बंद झाली, आम्ही मुक्याने अंगणात आलो. ते प्लग सांडशीत धरून चुलीपाशी गेले.

आक्काने तो दाराच्या उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले. "भाजली," ती म्हणाली. "झ्याक भाजली."

"बरं," साडू म्हणाले, आणि प्लग चुलीच्या कडेला ठेवून जेवायला बसले.

पहिला घास घेतल्यावर मी थांबलो. आक्काच्या भाकरीसाठी मी शहापूरहून एसटीने येतो, तेव्हा या बाबतीत माझं मत घ्यायला हरकत नाही. भाकरी कच्ची होती. कडा ओल्या, मधलं पीठ दातांना चिकटणारं. साडू खाली मान घालून भराभर जेवत होते. त्यांनी आणखी एक मागून घेतली. हात धुवायला मागच्या दारी गेलो तेव्हा ते माझ्या मागोमाग आले.

"कच्ची लागली ना?"

"जरा..."

"चार महिने झाला. काय बोलू नका."

मग उंबराखाली उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. म्हणजे जेवढं सांगता येत होतं तेवढं. आक्काला पांढरं दिसेनासं झालं होतं. कच्ची भाकरी तिला भाजलेली दिसत होती, आणि कच्चा प्लगही. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय हे साडूंचा कान ओरडून सांगत होता. एकदा त्यांनी गुपचूप नट फिरवून पेट्रोल वाढवलं; आवाज लगेच निवळला; पण प्लग बघून आक्का म्हणाली, "करपली की! काय चाललाय तुमचा?" त्यांनी ते पुन्हा कमी केलं. आणि तडतड थांबावी म्हणून ठिणगी गरजेपेक्षा उशिरा पडेल अशी मागे खेचली. त्याने आवाज थोडा दबला, पण इंजिन भट्टीसारखं तापायला लागलं. बायकोचा शब्द खोटा पडू नये म्हणून या माणसाने जाणूनबुजून टायमिंग बिघडवलं होतं. साडूंना ओळखणाऱ्याला हे पटायचं नाही.

"घाटात पिस्टन जाईल," ते म्हणाले. "अंदाजानं कराचा तर ह्या इंजिनाला अंदाज चालत नाय. डोळाच पायजे."

"मग आक्काला सांगा की, डोळे दाखव म्हणून."

"काय सांगू? तुजं डोळं गेलं म्हणू?" ते उंबराचं साल नखाने खरवडत राहिले. "आन मग ती इचारंल, तुमाला डोळं हायत ना, तुमी का नाय बघत?"

ज्या गोष्टीसाठी त्यांनी सहा फुटांचा माणूस बुटका ठरवला होता, ती बायकोपुढे उघडी पडेल याची त्यांना भीती होती. आणि बायकोला चाळीस वर्षं सगळं ठाऊक होतं, हे मी सांगायचं का नाही, याचा विचार करत मी तिथे उभा राहिलो. शेवटी सांगितलं नाही. त्या दोघांच्यातली ती वस्तू होती. माझ्या हाताने फुटायला नको, असं वाटलं.

आठवडाभराने मुरबाडच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. आक्का तिथे जाणं शक्यच नव्हतं. लहानपणी शेजारच्या एका म्हातारीचा ऑपरेशनमध्ये गेलेला डोळा तिच्या मनातून गेला नव्हता. तेव्हा साडूंनी घरात जाहीर केलं, की मला दिसत नाही, मला डोळे तपासायचेत, आणि एकट्याने जायला मला भीती वाटते. रेल्वेच्या त्या परीक्षेनंतर डोळ्यांच्या डॉक्टरच्या वाऱ्यालाही उभा न राहिलेला हा माणूस सोबतीला बायको आणि साक्षीला मला घेऊन शिबिराच्या रांगेत बसला. भिंतीवर रंगीत ठिपक्यांचा एक तक्ता लावलेला होता. साडूंनी आपली खुर्ची उचलून त्याच्याकडे पाठ करून ठेवली. डॉक्टरीण पोरसवदा होती. तिने अक्षरांचा बोर्ड दाखवला. साडूंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि तळाशी छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

"काका, तुम्ही इथे कशाला आलात?" ती म्हणाली.

"ही हाय ना संगती," साडू म्हणाले. "आलोच हाव तर हिचं पण बघा."

आक्का उठायला लागली. साडूंनी तिच्या पदराचं टोक धरलं. चारचौघांत त्यांना असं काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. आक्कानेही नसावं, कारण ती चटकन बसली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिवळा पडलेला. "सगळं पिवळट दिसत असेल ना मावशी?" डॉक्टरीण म्हणाली. "पांढरं पांढरं वाटतच नसेल."

परतताना आम्ही रिक्षा केली. चढ सुरू झाल्यावर आक्काने विचारलं, "भाकर कच्ची होते काय माजी?"

"मला आवडते तशीच," साडू म्हणाले.

"आन कच्च्या पलगाला पन भाजली सांगत होती काय मी?"

साडू रिक्षाच्या आवाजाकडे फार लक्ष असल्यासारखे बाहेर बघत राहिले. आक्काने पदर सावरला. मग म्हणाली, "करून टाका तो आपरेशन. गाडी लोकाची हाय." मला त्या दोघांविषयी इतकी माया वाटली की मी उगाचच रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून दम दिला.

शेठना साडूंनी फोनवर तीन आठवडे मागून घेतले. एक पार्ट यायचाय, म्हणाले. कुठला पार्ट, असं शेठनी विचारलं. साडूंनी क्षणभर विचार केला आणि खरं तेच सांगितलं, "काच." गाडीच्या सगळ्या काचा शाबूत होत्या, त्यामुळे शेठ पुढचे तीन आठवडे गोंधळलेले होते.

पट्टी निघाली, काळा चष्मा आला, डॉक्टरांनी ठरवलेले दिवस भरले, आणि एका सकाळी साडूंनी चढ घेतला. तडतड, शीळ, चावी बंद, आणि अंगणात शांतता. आक्का चुलीपाशी बसली नव्हती. ती दारात उभी होती. तिने चष्मा वर केला, प्लग हातभर लांब धरला, आणि जवळजवळ ओरडलीच. "अवो, ही तर निस्ती कच्ची! पांढरीफटक!" साडू तो शब्द चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकत राहिले. मग नट फिरला. पुन्हा खाली, पुन्हा वर. "कच्ची." पुन्हा. "जराशी हवी अजून." पुन्हा. पाचव्या खेपेला तिने प्लग उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि ती हळूच म्हणाली, "भाजली." साडूंनी लग्नपत्रिकेचा तुकडा काढून पॉइंटांमधली फट तपासली, ठिणगी तिच्या जागेवर पुढे आणली, आणि सहाव्या खेपेला गाडी चढावर आली तेव्हा मलासुद्धा कळलं. वाटाणे गेले होते. नुसती शीळ राहिली होती.

दुसऱ्या दिवशी शेठ गाडी न्यायला आले. निघायची वेळ झाली. साडू फडक्याला हात पुसत उभे होते, आणि आक्काकडे न बघता, अगदी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आता नीट दिसतंय ना गो तुला? बघ बरं, कशी हाय गाडी?"

शेठ दार उघडता उघडता थांबले. मीही थांबलो. ज्या बाईने आदल्या दिवशी पाच वेळा बदामी रंगाची पारख केली होती, तिच्यापुढे सकाळच्या उन्हात ती गाडी पानासारखी हिरवी उभी होती. आक्काने गाडीकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटातल्या बांगड्यांकडे पाहिलं.

"चॉकलेटी," ती म्हणाली. "झ्याक चॉकलेटी हाय."

साडूंनी मान हलवली. त्यांना तेच अपेक्षित होतं.

गाडी माळशेज चढून आली, पिस्टन शाबूत आहेत, आणि ती आता शेठच्या मुंबईच्या घरी असते. साडूंच्या अंगणात पुन्हा जीपा आणि रिक्षा मुक्याने घरंगळत येतात. भाकरी पहिल्यासारखी झाली आहे, म्हणून माझंही जाणंयेणं वाढलं आहे. पण कधी कधी जेवून ओट्यावर बसलं की साडू सुपारी कातरायची थांबवून चढाकडे कान लावतात, आणि त्या शिळेसाठी मलाही चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा शेठनी माझ्या फोनवर गाडीचा एक फोटो पाठवला. तिला नुकतंच धुऊन पुसून उन्हात उभं केलं होतं. हिरवीगार, लखलखीत. मी क्षणभर ती ओळखलीच नाही.